आठशे रुपयांची ओळ

पावती एका जुन्या पुस्तकात सापडली. पदपथावरून घेतलेलं अर्थशास्त्राचं पाठ्यपुस्तक, आणि त्यात खुणेसाठी घातलेली गुलाबी कागदाची घडी. उलगडून पाहिली तर मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका अनुदानित महाविद्यालयातली, प्रथम वर्ष बी.ए.ची फीची पावती. विद्यार्थिनीचं नाव पुसट झालेलं, छापील ओळी मात्र शाबूत. पहिली ओळ: शिक्षण शुल्क, ८०० रुपये. त्याखाली रांगच लागलेली. ग्रंथालय २००, जिमखाना ४००, विकास निधी ५००, युटिलिटी २५०, मासिक १००, ओळखपत्र ५०, समूह विमा ४०, विद्यार्थी कल्याण ५०, विद्यापीठ क्रीडा व सांस्कृतिक ३०, कुलगुरू निधी २०, आपत्ती निवारण १०, ई-सुविधा ५०. आणि एवढं होऊनही काही राहून गेलं असावं, म्हणून ई-चार्जेस २०.

पुस्तक बाजूला पडलं आणि पावतीच दोनतीनदा वाचून झाली. शिकवण्याचे आठशे. मग बाकीचं सगळं काय आहे, आणि ते कोण ठरवतं? हे पाहायला प्रस्तुत लेखिका जूनच्या मध्यात, प्रवेशाच्या दिवसांत, अशाच एका महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन बसली. एकदा नव्हे, चार वेळा.

फीच्या खिडकीमागे ज्या बसतात त्यांना विद्यार्थी मॅडम म्हणतात आणि शिपाई ताई. नोकरीची पंचवीस वर्षं होऊन गेली आहेत. खिडकीपाशी ओल्या रेनकोटचा आणि स्टॅम्पपॅडच्या शाईचा मिळून एक आंबूस वास असतो. घरी आल्यावरही तो ओढणीला राहतो. आता बहुतेकांची फी ऑनलाइन जाते. खिडकीवर येतात ते उरलेले: ज्यांचं पेमेंट अडकलंय, ज्यांना हप्ते हवेत, ज्यांची फ्रीशिप आहे आणि ज्यांच्या वडिलांना विचारायचंय. मोबाइलवरच्या लिंकला ‘हे कशाचे?’ असं विचारता येत नाही. मॅडमना येतं.

“कुलगुरू निधी म्हणजे?” एका गृहस्थांनी विचारलं. शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं. बहुधा पहिली पाळी संपवून थेट आलेले.

“युनिव्हर्सिटीचं हेड आहे. आम्ही गोळा करून तिकडे भरतो.”

“वीसच आहेत म्हणा,” ते स्वतःशीच म्हणाले आणि पुढची ओळ वाचू लागले.

‘हेड’ हा या कार्यालयाचा मूळ शब्द. इथे कोणी ‘किती’ म्हणून बोलत नाही, ‘कुठल्या हेडला’ म्हणून बोलतात. मॅडमना सगळी हेडं क्रमाने पाठ आहेत. शाळेत पाढे म्हणायचो त्या चालीत त्या ती म्हणून दाखवतात आणि ‘शिक्षण शुल्क आठशे’ या पहिल्या ओळीवर दरवेळी किंचित थांबतात, नमस्कार करून पुढे जावं तसं. बाकीच्या आकड्यांत खाडाखोड झालेली त्यांनी पाहिली आहे. “ते आठशे मात्र आपले आठशेच,” त्या म्हणाल्या. त्यात कौतुक होतं की चेष्टा, ते चारही भेटींत कळलं नाही.

आठशे हलत का नाहीत, याचं उत्तर महाविद्यालयाच्या तिजोरीत नसून पगारपत्रकात आहे. अनुदानित महाविद्यालयातल्या मंजूर पदांचा पगार राज्य शासन देतं, म्हणून शिक्षण शुल्काची जमा शासनाच्या हिशेबात धरली जाते. जेडी ऑफिसचं, म्हणजे उच्च शिक्षण सहसंचालकांचं असेसमेंट झालं की ती रक्कम अनुदानासमोर मांडली जाते. म्हणजे आठशेचे उद्या आठ हजार झाले तरी महाविद्यालयाच्या हाती फार काही लागणार नाही, आणि रस्त्यावर मोर्चे मात्र येतील. कोणत्याही सरकारला ते नको असतं. संस्थेला पंखा दुरुस्त करायचा असेल, प्रयोगशाळेला काचसामान हवं असेल, कंत्राटी सफाई कामगारांचे पैसे द्यायचे असतील, तर तिने पाहायचं ते खालच्या ओळींकडे.

व्यवस्थापन परिषदेवर काम केलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी हे आणखी सरळ सांगितलं. “शिक्षण शुल्क वाढवलं की बातमी होते. हेड वाढवलं की परिपत्रक होतं.”

ते परिपत्रक कसं तयार होतं? विभागाकडून किंवा महाविद्यालयांकडून मागणी येते, समिती बसते, वित्त व लेखा समितीकडून विषय व्यवस्थापन परिषदेपुढे जातो आणि मंजुरीनंतर सगळ्या प्राचार्यांना कळवलं जातं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा मार्च २०१७पासून लागू आहे. त्यात शुल्काची व्याख्याच मोठी ऐसपैस आहे: शिकवणीचं शुल्क, इतर शुल्क आणि विकास आकारासह इतर आकार. ‘इतर’ हा शब्द दोनदा येतो. ज्यांनी तो लिहिला त्यांना प्रशासनाचा अनुभव होता, असं म्हणायला हरकत नाही.

प्राध्यापकांच्या आठवणीत अशा बैठकींचा गाभा म्हणजे एक तक्ता. डावीकडे विद्यमान दर, शेजारी प्रस्तावित दर, आणि मग राज्यातल्या इतर विद्यापीठांचे दर. प्रत्यक्ष खर्च किती येतो, याचा रकाना त्यांना आठवत नाही. शेजारच्याचा दर आपल्यापेक्षा जास्त असेल, तर प्रस्तावाचं अर्धं काम तिथेच होतं. उद्या शेजारचं विद्यापीठ आपला तक्ता करायला बसेल तेव्हा त्यात आपला नवा दर असेलच. अधिसभेत अर्थसंकल्पाच्या दिवशी पदवीधरांतून निवडून आलेले सदस्य हरकत घेतात. घोषणाही होतात. पण तोवर माहितीपुस्तिका छापायला गेलेली असते.

या सगळ्याला एक जुनं राष्ट्रीय पाठबळ आहे. १९९३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने सांगितलं होतं की विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाचा सुरुवातीला १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के वाटा स्वतः उभा करावा. नव्या आर्थिक धोरणाचे ते दिवस होते, सरकारला हात आखडायचा होता. समितीचं नाव आज खिडकीवर कोणाला ठाऊक नाही, पण पावतीच्या खालच्या तेरा ओळींत तिचा अंश उतरलेला दिसतो.

दुसरी वाट कशी असते ते अलाहाबादला दिसलं. तिथल्या केंद्रीय विद्यापीठात महिना १२ रुपये शिकवणी शुल्क १९२२पासून चालत आलं होतं. पारतंत्र्य गेलं, शतक उलटत आलं, बारा रुपये बारा राहिले. २०२२मध्ये विद्यापीठाने पदवीची वार्षिक फी ९७५वरून ३,९०१ रुपये केली, म्हणजे एकदम चौपट. विद्यार्थी उपोषणाला बसले, आवारात पोलीस आले, देशभर बातम्या झाल्या. एक ओळ, एक आकडा, म्हणून भांडण समोरासमोर झालं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ साली वसतिगृहाच्या खोलीचं महिन्याचं भाडं १० आणि २० रुपयांवरून ३०० आणि ६०० करण्याचा निर्णय झाला, तेव्हा चर्चा त्या दहा-वीस रुपयांभोवतीच फिरली. ‘इतकं स्वस्त?’ म्हणून दूरचित्रवाणीवर भुवया उंचावल्या. घरच्यांच्या छातीत धस्स झालं ते मात्र वेगळ्याच ओळीने. दरमहा १,७०० रुपये सेवा शुल्क हे नवं हेड होतं. भाडं फुगलं म्हणून ओरड झाली, पण खरं ओझं त्याच्या शेजारी नव्याने येऊन बसलेल्या नावाचं होतं.

आपल्याकडे ही नावं हळूहळू आली, दहा-वीस-पन्नास अशी. त्या गुलाबी पावतीवरची पन्नासपर्यंतची हेडं एकत्र केली तर २७० रुपये होतात, आठशेच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्तच. एकेका ओळीसाठी मोर्चा कोण काढणार? आपत्ती निवारणाचे दहा रुपये नको म्हणायला जीभच रेटत नाही.

नावाला किंमत असते हे खिडकीवर सर्वांत चांगलं कळतं ते माफीच्या वेळी. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना पूर्ण माफी मिळाली. आधी ती निम्मी होती. वर्तमानपत्रांत मथळे आले, मुलींना मोफत शिक्षण. मॅडमकडे त्या आठवड्यात फोनच फोन. त्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या: माफी शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला, बाकीची हेडं भरायची आहेत, आणि व्यावसायिकला आहे, साध्या बी.ए.ला नाही.

“मग मोफत कसं?” पलीकडून विचारलं जायचं.

“टीव्हीवर मोफत आहे,” असं त्यांनी एकदाच म्हटलं, आणि लगेच आवाज खाली आणला.

म्हणजे जे पैसे ‘शिक्षण’ या नावाखाली आहेत ते सरकार उचलेल, ‘विकास’ आणि ‘युटिलिटी’ या नावाखाली आहेत ते बाप उचलेल. रक्कम तीच, कार्यालय तेच. फक्त ती कुठल्या ओळीत टाइप झाली एवढाच फरक. शुल्क ठरवणं म्हणजे आकडा ठरवणं, असं बाहेरून वाटतं. आतून पाहिलं तर नाव ठरवणं हेच मोठं काम आहे.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांचा हिशेब आणखी वेगळा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१पासून केंद्राचा हिस्सा ६० टक्के झाला आणि तो थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येऊ लागला. आल्यापासून सात दिवसांत त्याने फीची रक्कम महाविद्यालयात भरायची. पैसे केव्हा येतील ते मात्र विद्यार्थ्याच्या हाती नाही. एक मुलगा दोनदा आला. पहिल्या वेळी पैसे आले नव्हते. दुसऱ्या वेळी आले होते, पण खात्यातून बँकेने कसलासा दंड कापून घेतला होता आणि फीला पूर्ण रक्कम उरली नव्हती. मॅडमनी बाकी एका लांबट वहीत पेन्सिलीने लिहून घेतली. संगणकात या नोंदीला जागा नाही. “ऑडिटला वही दाखवत नाही मी,” त्या म्हणाल्या, “पण वहीशिवाय चालत नाही.”

आणि त्याच जिन्याने वर गेलं की दुसरी खिडकी. तिथे विनाअनुदानित अभ्यासक्रम, बी.एम.एस., अकाउंटिंग अँड फायनान्स वगैरे. वर्ग तेच, बाकं तीच, फी मात्र दसपट आणि त्याहूनही वर. तिथे शिक्षण शुल्काची ओळ आठशेवर अडलेली नसते, कारण तिथे शासन पगार देत नाही. ते निवृत्त प्राध्यापक महोदय या वरच्या मजल्याचं समर्थन करत होते. मुद्दा खोटा नव्हता. “खालच्या मजल्याचं विजेचं बिल वरचा मजला भरतो. वेतनेतर अनुदानात चालवून दाखवा एखादं कॉलेज.” लेखिकेने मान डोलावली, कारण कार्यालयातला पंखा खरोखरच वरच्या मजल्याच्या पैशातून आलेला होता. पण वरच्या खिडकीवरच्या रांगेत कंपनीचं नाव शिवलेले शर्ट दिसले नाहीत, हेही तितकंच खरं.

चौथ्या भेटीत नवं परिपत्रक आलेलं होतं. मॅडमनी ते दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि संगणकात शुल्काचा तक्ता उघडला. खाली एक कोरी ओळ घेतली, तिला नाव दिलं, समोर रक्कम टाकली. दोन मिनिटांचं काम. चाचणी म्हणून त्यांनी एक पावती छापली. इतकी वर्षं एका पानावर मावणारी पावती त्या एका ओळीने पुढच्या पानावर गेली. पहिल्या पानाच्या माथ्यावर शिक्षण शुल्क ८००, दुसऱ्या पानावर फक्त ‘एकूण’ आणि त्यापुढचा आकडा.

त्यांनी दोन्ही पानं हातात धरून पाहिली. “स्टेपलरच्या पिना मागवाव्या लागणार,” त्या शिपायाला म्हणाल्या. मग हिशेबी माणसाच्या सवयीने पुढे पुटपुटल्या, “कुठल्या हेडला टाकू?”