घरच्या फोटोंची किल्ली कोणाकडे?

गेल्या मे महिन्यात कुंभकोणमचं आमचं घर रिकामं करायचं ठरलं. आज्जी गेल्यापासून ते बंदच होतं. सारंगपाणी देवळाजवळच्या गल्लीतलं, पुढे तिण्णै म्हणजे ओटा आणि आत आगगाडीसारखं लांबच लांब घर. भांडी वाटून झाली. पितळेची मोठी समई कोणाकडे जाणार यावरून थोडी कुरबुरही झाली. शेवटी उरल्या दोन ट्रंका आणि फोटोंचे नऊ अल्बम. ते कोणालाच घरी न्यायचे नव्हते आणि टाकायचेही नव्हते. "तू कंटेंट रायटर ना? मग हे सगळं कॉम्प्युटरवर चढव," मोठे काका म्हणाले. मी बी.ए. केलं ते इंग्रजीत. पण आमच्याकडे लॅपटॉप उघडून बसणारी प्रत्येक मुलगी इंजिनिअरच असते.

आम्ही तंजावरकडचे मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७६च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापलं. ते १८५५मध्ये संपलं, पण त्याच्यासोबत आलेली माणसं इथेच राहिली. घरात बोलतो ती मराठी तमिळमध्ये मुरलेली. आता कुटुंब चेन्नई, पुणे, बंगळुरू आणि न्यू जर्सीत विखुरलंय. म्हणूनच एका जागी ठेवलेलं, पण सगळ्यांना उघडता येईल असं काहीतरी हवं होतं.

स्कॅनिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोबाइलचं स्कॅनर ॲप, खिडकीजवळचा उजेड आणि भरपूर फिल्टर कॉफी, एवढ्यावर अकरा दिवसांत काम झालं. खरी पंचाईत पुढे होती.

मी आधी माणसांच्या नावाने फोल्डर केले. आजोबा, आज्जी, मोठे काका, आत्या. दुसऱ्याच दिवशी एक फोटो हातात आला. १९८०चा महामहम, तलावाच्या पायरीवर ओल्या धोतरात आजोबा, कडेवर माझे बाबा, मागे माणसांचा समुद्र. हा आजोबांचा, बाबांचा, सणांचा की कुंभकोणमचा? मी तो चारही ठिकाणी टाकला. आठवड्याभरात माझ्याकडे एकाच फोटोच्या चार प्रती आणि त्यांना चार वेगळी नावं होती.

या कोड्याचं उत्तर ज्यांनी शोधलं ते गृहस्थ आमच्याच भागातले निघाले. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२चा, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या शियाळी गावचा. त्या गावाला आता सीर्काळी म्हणतात. मद्रास विद्यापीठाचं ग्रंथालय सांभाळताना त्यांना दिसलं की पुस्तक एकाच खणात बसत नाही. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. थोडेसेच सुटे तुकडे, पण जोडू तसं खेळणं तयार. त्यावरून सुचलेली त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत १९३३मध्ये छापली गेली. तिच्यात विषयाचे पाच पैलू धरलेले आहेत. सोप्या भाषेत सांगायचं तर मुख्य गोष्ट कोणती, ती कशाची, तिथे काय चाललंय, कुठे आणि कधी.

आमच्या अल्बमला चार पैलू पुरले. मी फोल्डर कमी केले आणि सगळी माहिती फाइलच्या नावातच घातली. आधी वर्ष, मग गाव, मग प्रसंग, मग माणसं. "१९८०_कुंभकोणम_महामहम_आजोबा_बाबा." वर्ष पुढे असल्यामुळे फोटो आपोआप काळाच्या क्रमाने लागतात, आणि शोधायच्या चौकटीत यातला कोणताही शब्द टाकला की फोटो सापडतो. वर्ष नक्की माहीत नसेल तर "१९६०_अंदाजे". एक गोष्ट मात्र ठोकून सांगते, नावांचं स्पेलिंग पहिल्याच दिवशी ठरवा. आमच्याकडे एकच गाव कुंभकोणम, कुंबकोणम आणि कुडंदै अशा तिन्ही नावांनी लिहिलं गेलं होतं. माणसाला कळतं हे एकच गाव, कॉम्प्युटरला कळत नाही.

इथवर मी स्वतःवर फार खूश होते. सगळ्या एकतीस नातेवाइकांना लिंक पाठवली. ज्याच्याकडे लिंक असेल त्याला सगळं दिसेल, सगळं बदलता येईल. घरचेच तर लोक आहेत, म्हटलं.

तीन दिवसांनी न्यू जर्सीच्या चुलतभावाने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. "बघा आत्या किती सुंदर दिसायची!" तो आत्याच्या लग्नातला होता. त्या लग्नाचं पुढे काय झालं हे घरात कोणी बोलत नाही. ते मोडलं तेव्हा तो भाऊ चार वर्षांचा होता, त्याला कुठून माहीत असणार? खाली एकवीस बदाम आले. संध्याकाळी आत्या ग्रुपमधून बाहेर पडली. मी फोन केला तर तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तिचा एका ओळीचा मेसेज आला. अल्बम तिचा होता, तिला विचारलं का नाही?

फोटो "विवाह" नावाच्या फोल्डरमध्ये मीच ठेवला होता. त्या शब्दाखाली माझ्या लेखी एकच प्रकार होता, तिच्या लेखी नव्हता.

ऑफिसात मी रोज फोटोंच्या लायब्ररीत काम करते. तिथे कोण बघू शकतो, कोण बदलू शकतो, कोण उडवू शकतो हे सगळं आधी ठरलेलं असतं. घरच्या बाबतीत ते लावणं मला अगदी परकं वाटलं होतं. आता नव्याने बसले. गूगल ड्राइव्हसारख्या सोयीत मालकाखाली तीन पायऱ्या असतात. नुसतं बघणं, बघून टिप्पणी करणं आणि बदल करणं. आमच्यातल्या अठ्ठावीस जणांना मी टिप्पणीचा हक्क दिला. बदल करण्याचा हक्क तिघांकडे. आणि "लिंक असेल त्या प्रत्येकाला" हा पर्याय बंद करून एकेकाचा ईमेल घातला. मोठ्या काकांना त्याचा राग आला. "मला माझ्याच बापाचे फोटो बघायला परवानगी लागते का?" मी म्हटलं, बघायला नाही लागत काका, पुसायला लागते. त्यांचा फोन भरला की ते काय काय पुसतात हे आम्ही पाहिलेलं आहे. ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. नंतर रडून उपयोग नाही.

आत्याच्या लग्नाचे बेचाळीस फोटो मी काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले, तिच्या खात्यात, मालक तीच. माझाही प्रवेश काढून टाकला. आईचं म्हणणं होतं की आज्जीचे चांगले फोटो त्यातच आहेत, आत्याने सगळं उडवलं तर? ते खरंच होतं. मी आत्याला तेवढंच सांगितलं आणि निर्णय तिच्यावर सोडला.

या भानगडीत दुसरी ट्रंक मागे पडली होती. तिला पन्नास वर्षं कुलूप. आजोबा म्हणत, त्यात घराची इस्टेट आहे, कोणी हात लावायचा नाही. आत मोडी लिपीतले कागद निघाले. घरात मोडी वाचणारं कोणी नाही. पुण्यात मोडीचा वर्ग केलेल्या एका ओळखीच्या काकूंना काही पानं पाठवली. इस्टेट कसली, भाताच्या उसनवारीचे हिशोब, एका लग्नात कोणाला काय आहेर दिला त्याची यादी, आणि एका सुनेला माहेरी पाठवण्याबद्दलचं पत्र. ज्यांना लाज वाटेल किंवा ज्यांचं नुकसान होईल असं त्यात आज कोणीच उरलेलं नाही. म्हणजे आम्ही जे कुलूपबंद ठेवलं ते उघडं असायला हवं होतं, आणि जे एकतीस जणांपुढे उघडं टाकलं ते कुलपात.

कुंभकोणमहून चाळीसेक किलोमीटरवर तंजावरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळापासूनचा तो संग्रह दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७९८ ते १८३२) फार वाढवला. त्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची ए. सी. बर्नेल यांनी केली, ती १८८०मध्ये लंडनला छापली गेली. पोथ्या वेगवेगळ्या लिप्यांत, पण सूची विषयवार. वेद आणि शास्त्रं एका भागात, दर्शनं आणि धर्मशास्त्र दुसऱ्यात, नाटकं, महाकाव्यं, पुराणं, तंत्र तिसऱ्यात. संग्रह राजघराण्याचा होता. सर्वांसाठी तो १९१८मध्ये खुला झाला. तिथल्या मोडी कागदांवरून मराठी राज्याचा इतिहास लिहिला गेला. आमच्या भाताच्या हिशोबाला तेवढं मोल नाही, ठाऊक आहे. तरी मोडी फोल्डरला मी "कोणीही पाहावं" अशी परवानगी दिली. घरात त्यावर एकही हरकत आली नाही, कारण ते कोणी उघडूनच पाहिलं नाही.

आधार कार्डं, आजारपणाचे कागद, घराच्या विक्रीचा करार यांचा या संग्रहाशी संबंध ठेवला नाही. ते वेगळ्या ठिकाणी, ज्याचे त्याच्याकडे. संग्रहाचं खातं मात्र माझ्या एकटीच्या नावावर नको, हे मोठ्या काकांनीच सुचवलं. दोन वर्षं वापर झाला नाही तर गूगल खातं बंद करू शकतं, आणि माणसाचं काय सांगावं. त्यामुळे पासवर्ड बंद लिफाफ्यात पुण्याच्या चुलतबहिणीकडेही आहे, आणि दर दिवाळीला दोघींनी एकदा आत शिरून पाहायचं ठरलंय. शिवाय सगळ्याची एक प्रत हार्ड डिस्कवर, काकांच्या कपाटात. ती मात्र त्यांना पुसता येत नाही, कारण कशी जोडायची ते त्यांना माहीत नाही.

आत्या ग्रुपमध्ये परत आलेली नाही. पण ऑगस्टमध्ये सामायिक फोल्डरमध्ये एक नवी फाइल दिसली. तिच्या त्या बेचाळिसांतला एक फोटो, कडेने कापलेला. स्वयंपाकघराच्या दारात आज्जी, हातात केळीच्या पानांचा गठ्ठा, कोणावर तरी ओरडतेय. नाव माझ्याच पद्धतीने दिलेलं होतं, वर्ष, गाव, माणूस. प्रसंगाची जागा रिकामी ठेवलेली होती. मीही ती तशीच ठेवली.

आता एकच फोल्डर उरलाय, "ओळख पटत नाही". चौसष्ट फोटो होते. टिप्पण्यांमधून तेवीस सुटले. एका फोटोखाली बंगळुरूच्या काकू आणि बाबा यांचं अजून भांडण चाललंय की नऊवारीतली बाई आजोबांची मावशी की शेजारीण. ज्यांना हे नक्की सांगता येईल अशा एक आजी तंजावरला असतात, वय नव्वदीच्या घरात, स्मार्टफोन नाही. उरलेले एक्केचाळीस फोटो मोठ्या आकारात छापून घेतलेत. पोंगलच्या सुट्टीत ते घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.