आंबिल ओढ्याची गोष्ट, आठ चौकटींत

नववीच्या वर्गाला 'डिजिटल चित्रकथा करा' असं सांगितलं की काय होतं? अर्ध्या तासात रंगीत स्लाइड तयार होतात. इंटरनेटवरचे फोटो, सरकणारी अक्षरं, मागे संगीत. गोष्ट मात्र सापडत नाही. म्हणून आज आपण बिबवेवाडीजवळचाच एक विषय घेऊ आणि तो वर्गात कसा करता येईल, ते पाहू.

विषय आहे आंबिल ओढा. तो कात्रजकडून येतो, सातारा रस्त्यापलीकडून सहकारनगर, पर्वती, दांडेकर पूल असा जाऊन मुठेला मिळतो. पेशवाईत त्याचा मूळ प्रवाह वळवला गेला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला. भिंती पडल्या, माणसं गेली.

पहिली पायरी कागदावरच करायची. कागदाला तीन घड्या घातल्या की आठ चौकटी मिळतात. प्रत्येक चौकटीत एक चित्र आणि खाली एकच वाक्य. मग चौकटी कापून त्यांचा क्रम बदलून पाहायचा. पुरापासून सुरुवात केली तर ती दुर्घटनेची बातमी होते. कात्रजच्या टेकड्यांवरच्या पावसापासून केली, तर पाणी खाली कुठे आणि का अडलं, हा प्रश्न उभा राहतो. चित्रं तीच, पण अर्थ बदलला. हा विचार मुलांनी स्वतः करायचा आहे. ॲप तो करून देत नाही.

दुसरी पायरी पुराव्याची. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा पाहता येतात. एकाच जागेच्या दोन प्रतिमा शेजारी ठेवून काठावरचं बांधकाम वाढलं का, हे मुलांना तपासू द्यावं. मग विचारावं, या प्रतिमेत काय दिसत नाही? इमारत दिसेल, तिला परवानगी होती का ते दिसणार नाही. प्रत्येक छायाचित्राखाली जागा आणि तारीख हवी. एआयनं काढलेलं पुराचं चित्र असेल तर तसं स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर कल्पनाच पुरावा म्हणून खपते.

तिसरी पायरी आवाजाची. पूर पाहिलेल्या आजी, दुकानदार काका यांचं मिनिटभराचं बोलणं मोबाइलवर घ्यायचं, तेही आधी विचारून. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या दारात मुलांनी कॅमेरा घेऊन उभं राहायचं नाही. कुणाला चेहरा दाखवायचा नसेल, तर उंबऱ्याचं चित्रही पुरतं.

यानंतरच जोडणी करायची. कॅनव्हा किंवा फोनमधलं कुठलंही साधं व्हिडिओ ॲप चालेल, आणि चौघांत एक फोन भागतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून कथा सांगत आले आहेत. आपलं साधन नवं असलं तरी काम तेच आहे.

गुण देताना सजावट बघू नका. प्रत्येक गटाला एकच विचारा, 'तिसरी चौकट काढली तर काय बिघडेल?' उत्तर देता आलं, तर गोष्ट जमली.