उद्यम नोंदणी फुकट आहे, मग आपण पैसे का देतो?

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच: "सर, उद्यम काढायला किती खर्च येतो?" उत्तर एका शब्दात: शून्य.

तरीही पैसे जातात. खव्याचा धंदा सुरू करणारा आपल्या भागातला एक मुलगा माझ्याकडे आला. गुगलवर वर दिसलेल्या वेबसाइटवर त्याने फॉर्म भरला, पंधराशे रुपये दिले. सर्टिफिकेट आलं, पण त्यावर मोबाईल आणि ईमेल दुसऱ्याचाच! बँकेने दुरुस्ती करून आणायला सांगितलं, तर ओटीपी त्या अनोळखी नंबरवर जायचा. पंधराशे गेले त्याचं दुःख नाही हो, कर्जाची फाईल महिनाभर अडली.

आता नीट समजून घ्या.

१. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. पत्ता 'गव्ह डॉट इन' ने संपतो का, ते आधी बघा. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला चालू मोबाईल एवढंच लागतं, कागद अपलोड करायचे नसतात. मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच टाका. पॅन नसेल, तर जानेवारी २०२३ पासून 'उद्यम असिस्ट' आहे.

२. धंद्याचा प्रकार बरोबर निवडा. खवा स्वतः बनवता तर उत्पादन. आणून विकता तर व्यापार. व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये परत उद्यममध्ये घेतलं, पण फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. चुकीचा प्रकार टाकला की पुढे बँकेत अडचण.

३. शॉप अ‍ॅक्ट म्हणजे आपला गुमास्ता. २०१७ च्या कायद्याने वीसपेक्षा कमी कामगार असतील, तर नोंदणी नाही, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. खाण्याची वस्तू असेल, तर अन्न नोंदणी वेगळी. उद्यम काढलं म्हणजे ते झालं, असं समजू नका.

४. सातबारा कर्जाला लागतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, त्यासाठी तालुक्याला भूमला चक्कर नको.

मग केंद्रावर जायचंच नाही का? जायचं की! सगळ्यांना फॉर्म जमतोच असं नाही, आणि मेहनतीचे पैसे द्यायलाही हरकत नाही. फक्त 'सरकारी फी किती आणि तुमचे किती' हे आधी विचारा, पावती घ्या, आणि ओटीपी स्वतः टाका.

दाखला अडला तर? महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे. अर्ज केला की पोचपावतीचा नंबर जपून ठेवा. मुदत गेली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. कारण नसताना उशीर केला असं ठरलं, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण नंबरच नसेल, तर दाद कशावर मागणार?

पूर्वी ओळख लागायची, आता नोंद लागते. ती नोंद आपल्याच नावावर, आपल्याच मोबाईलवर असली पाहिजे. आज एवढं एक काम करा: तुमच्या आधारला कोणता नंबर जोडलाय, तो चालू आहे का, तपासा. धंद्याची सुरुवात तिथूनच होते.