मनोऱ्यावाचून पुराची वार्ता

सन २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने बीड जिल्ह्यातील नद्यांना मोठे पूर आले. अशा वेळी वीज गेली म्हणजे मोबाईलचे मनोरेही फार काळ तग धरीत नाहीत. माजलगाव धरणातून पाणी सोडल्याची वार्ता सिंदफणेकाठच्या वस्त्यांस, निदान गोठ्यातील गुरे सोडावयास वेळ मिळेल इतकी आधी, कशी पोचावी?

मनोऱ्यावाचून चालणारे बिनतारी संच येथे उपयोगी पडू शकतात. एक संच बोलतो. शेजारचा ऐकून पुढे सांगतो. परंतु ऐकणारा प्रत्येक संच तोच निरोप सांगू लागला, तर लहरी एकमेकींवर आदळून कोणासच काही कळत नाही, आणि बॅटरी व्यर्थ संपते. संशोधकांनी १९९९ साली यास ‘प्रसारणाचे वादळ’ म्हटले. नाव मोठे आहे. गावच्या सभेत सर्वांनी एकदम बोलण्याचाच हा प्रकार!

उपाय असा : निरोप ऐकल्यावर प्रत्येक संचाने निरनिराळा अल्प काळ थांबावे. तेवढ्यात तोच निरोप तीन-चार शेजाऱ्यांकडून पुन्हा ऐकू आला, तर आपण गप्प बसावे. ही संख्या फार कमी मात्र ठेवू नये. विरळ वस्तीत त्यामुळे ओढ्यापलीकडील एकटा आखाडा निरोपावाचून राहण्याचा धोका असतो.