शेतावरची कॉफी

पौष-माघांत सोलापूरच्या आसपास शाळूच्या कणसांत हुरडा भरूं लागला, म्हणजे शहरांतील कितीएक कुटुंबें शेतावर जातात. कांहीं मंडळी तर रात्रीं वस्तीवरच मुक्काम करितात. हुरडा, दही, चटणी आणि गूळ यांची सिद्धता उत्तम असते. परंतु पहाटे वडील माणसें गारठ्यानें उठून कॉफी मागतात, तेव्हां पुढें येणारें पेय बहुधा धुरकट, कडवट व कोमट असतें. हा दोष रानांतल्या चुलीचा नव्हे, पद्धतीचा आहे.

कॉफी आपल्याला परकी नाहीं. तिच्या बियांचें ‘बुंद’ हें नांव मराठींत जुनें आहे. सतराव्या शतकांत बाबा बुदन यांनीं येमेनमधून बी आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावलें, अशी परंपरा सांगतात. आणि तो कर्नाटक तर आपल्या जिल्ह्याला लागूनच आहे.

पूड आदल्या दिवशीं दळून घ्यावी व ती रव्यासारखी जाडसर असावी. मैद्यासारखी बारीक पूड फडक्यांतून उतरते आणि कडू अंशही अधिक सोडते. चिकोरीनें रंग येतो. पण चिकोरी म्हणजे भाजलेलें मूळ, कॉफी नव्हे. पुडीचा डबा घट्ट झांकणाचा असावा, आणि तो चटणी-मेतकुटाच्या पिशवींत ठेवूं नये. शेजारचा वास कॉफी चटकन् उचलते.

मुख्य चूक होते ती उकळण्यांत. पूड, पाणी, दूध व साखर एकत्र घालून खदखदविलें, कीं सुगंधी तेलें वाफेबरोबर उडून जातात आणि कडू-तुरट द्रव्यें तेवढीं अर्कांत उतरत राहतात. संस्कृतांत ‘कषाय’ ह्या एकाच शब्दाचे काढा आणि तुरट रस असे दोन अर्थ आहेत. कॉफी करणारानें पहिला साधावा व दुसरा टाळावा. पुडीला ९० ते ९६ अंश उष्णतेचें पाणी मानवतें. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंच असल्यामुळें येथें पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतें. म्हणून उकळी आली, कीं पातेलें उतरून मिनिटभर थांबावें, तेवढें पुरतें.

बारा माणसांस एक लिटर पाणी व शंभर ग्रॅम पूड घ्यावी. उतरलेल्या पाण्यांत पूड सोडून एकदां ढवळावें आणि झांकण ठेवून चार-पांच मिनिटें स्वस्थ राहूं द्यावें. मग वरून थंड पाण्याचा हबका मारावा, म्हणजे तरंगणारा चोथा तळीं बसतो. साबणाचा वास नसलेल्या ओल्या फडक्यांतून अर्क गाळावा. दूध निराळें तापवून अर्काइतकेंच मिसळावें. दूधही झांकूनच तापवावें, कारण उघड्या दुधाला धुराचा वास तत्काळ लागतो. जायफळ आयत्या वेळीं किसावें. साखर ज्याची त्यानें घ्यावी.

हुरड्याच्या आगटींत गोवऱ्यांचा धूर फार. तेव्हां कॉफीसाठीं निराळा वीतभर खोल चर खणून त्यांत बाभळीचीं लांकडें पेटवावीं आणि ज्वाळा ओसरून निखारे पडले, कीं मगच पातेलें चढवावें. ही जागा नांगरलेल्या, धसकटें वेंचलेल्या काळ्या मातींत, कडब्याच्या गंजीपासून लांब व वाऱ्याच्या खालच्या अंगास असावी. आपली सहल दोन दिवसांची. पण कडबा हा शेतकऱ्याच्या गुरांचा वर्षाचा चारा आहे. एका ठिणगीनें तो गेला, तर कितीही क्षमा मागून बैलांचें पोट भरत नाहीं. म्हणून निघतांना विस्तवावर पाणी ओतून राख काठीनें उलथावी, पुन्हां पाणी घालावें, आणि हात वर धरून ऊब लागत नाहीं ना, हें पाहावें.

राहतां राहिला प्रश्न, ही कॉफी करावी कोणी. शेतावर आलें तरी घरांतल्या स्त्रियांची चूल सुटत नाहीं. त्यांच्या वांट्यास सहल येते ती केवळ जागेच्या बदलापुरती. वर सांगितलेल्या कृतींत हातखंडा नको, लक्ष मात्र हवें. तेव्हां ती पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं आपल्याकडे घ्यावी. सासू-सुनांना अंथरुणांतच आयता पेला मिळाला, तर ती सहल साऱ्या घराची झाली असें म्हणतां येईल.