डिस्क दिसत नाही, म्हणजे गेली असं नाही

पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घ्यावं आणि डिस्कची यादीच रिकामी निघावी! बायोसमध्ये तीच डिस्क नावासकट दिसते, इन्स्टॉलरला मात्र तिचा पत्ता नाही. धास्तावून नवी डिस्क आणायला धावणारे पुष्कळ. अशा वेळी डिस्क बहुधा ठणठणीत असते; घोडं अडतं ते कंट्रोलरपाशी.

डिस्कवरचं काहीही वाचायचं तर मागणी कंट्रोलरमार्फतच जाते. एकेकाळी त्याचं वेगळं कार्ड बसवावं लागे, पुढे तो मदरबोर्डवरच आला. त्याच्याकडून काम करून घेतो तो ड्रायव्हर. दर कंपनीचा निराळा ड्रायव्हर ही कटकट मिटावी म्हणून 2004 मध्ये एएचसीआय आणि 2011 मध्ये एनव्हीएमई ही सामाईक मानकं आली. विंडोज एक्सपीच्या सीडीत तर एएचसीआयचा ड्रायव्हरच नव्हता; एफ6 दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागे.

मग आज पुन्हा तेच का? इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते. एनव्हीएमई डिस्क तिच्याआड जाते आणि इन्स्टॉलरकडे व्हीएमडीचा ड्रायव्हर नसला तर यादी रिकामी राहते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटी ड्रायव्हर उतरवून ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यावा. पण नुसती सेटअपची ईएक्सई फाइल पेनड्राइव्हवर टाकून भागत नाही. ती उलगडून आतल्या आयएनएफ आणि एसवायएस फायली असलेलं फोल्डर द्यावं लागतं. कंपन्यांनी ते आधीच उलगडून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा सोपा उपाय कोऱ्या डिस्कपुरता ठीक. आधीचं विंडोज असेल तर मात्र निळा पडदा येऊ शकतो. कारण डिस्क वाचायला लागणारा ड्रायव्हर सुरुवातीलाच मेमरीत यावा लागतो आणि विंडोज त्या वेळी जुन्याच कंट्रोलरची तयारी करून बसलेलं असतं. म्हणून आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ मोड लावावा, मग बायोसमधलं सेटिंग बदलावं, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करावं आणि नंतर तो काढून टाकावा. बिटलॉकर असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. दोन डिस्क रेडमध्ये जोडलेल्या असतील, तर या सेटिंगला बॅकअपशिवाय हातच लावू नका.

शंका उरलीच तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून पाहा. व्हीएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. तिथे डिस्क दिसली, तर नव्या डिस्कचे पैसे वाचले.