पुनःक्षेपकांतला ‘सपाट’ आवाज

डोंगरमाथ्यावर बसविलेला रिपीटर, म्हणजे पुनःक्षेपक, एका कंप्रतेवर आलेलें बोलणें ऐकतो आणि त्याच क्षणीं तें दुसऱ्या कंप्रतेवर प्रक्षेपित करतो. डोंगराआड गेलेल्या दोन माणसांना तोच जोडतो. पण महापुरांत एकानें ‘साठ माणसें’ म्हणावें आणि पलीकडे ‘आठ’ ऐकूं जावें, तर त्या यंत्राचा उपयोग काय? ‘स’काराची सळसळ उंच स्वरांची असते, ती पुसली गेली कीं साठांचे आठ होतात.

हा घोळ पुष्कळदां एका शब्दानें होतो. तो शब्द ‘फ्लॅट’. आपण त्यास सपाट म्हणूं.

एफ. एम. पद्धतींत ग्राहकयंत्रांतील खरखर उंच स्वरांकडे वाढत जाते. यास्तव प्रेषकयंत्र मुळांतच उंच स्वर चढवितें : कंपनसंख्या दुप्पट, तर जोरही दुप्पट. ग्राहकयंत्र ते तितक्याच प्रमाणांत उतरवितें. चढविणें तें प्रीएम्फसिस, उतरविणें तें डीएम्फसिस. उतरवितांना खरखरही दबते. युक्ति मोठी नामी आहे.

आतां गंमत पाहा. ग्राहकयंत्रांतील डिस्क्रिमिनेटरमधून निघणारा आवाज अद्याप उतरविलेला नसतो. त्यावर कांहींच संस्कार झाला नाहीं म्हणून कारागीर त्याला ‘सपाट’ म्हणतात. पण बोलणाऱ्याच्या मूळ आवाजाशीं ताडून पाहावा, तर तो चढलेलाच! असा आवाज प्रेषकाच्या मायक्रोफोनच्या जागीं जोडला, कीं दुसऱ्यांदा चढतो. सेकंदास ६०० कंपनांच्या स्वराशीं तुलना करतां २४०० कंपनांचा स्वर चौपट होऊन बोलणें कर्कश होतें. उलट, उतरविलेला आवाज न चढवितांच पुढें पाठविला, तर ऐकणाऱ्याचें यंत्र तो पुन्हां उतरवितें आणि बोलणें घोंगडीआडून आल्यासारखें वाटतें. साठांचे आठ होतात ते येथें. असे दोन-तीन पुनःक्षेपक सांखळीनें जोडले, तर दोष गुणाकारानें वाढतो.

न उतरविलेला आवाज न चढवितां पुढें द्यावा, किंवा उतरवून पुन्हां चढवावा. नीट जुळविल्यास दोहोंचा परिणाम एकच.

उत्तरापुढें एकक न लिहिणाऱ्या मुलाचे गुण मी कापीत असें. ‘सपाट’ म्हणणाऱ्यासही मी तसेंच विचारीन : कोठपासून कोठपर्यंत? लहर आपल्या मूळ कंप्रतेपासून जितकी ढळते, तें तिचें विचलन. ३०० पासून ३००० कंपनांपर्यंतचे निरनिराळे स्वर सारख्याच, पण बेताच्या विचलनानें आंत पाठवावे. बाहेर पडणाऱ्या लहरीचें विचलनही सर्व स्वरांना सारखेंच भरलें, तर तो पुनःक्षेपक खुशाल सपाट म्हणावा.